कोट खुंटीला लावून शाळेत

'त्यानं माझ्याकडे बघून खुन्नस दिली.' कोल्हापुरात फौजदारी काम करणाऱ्या कुठल्याही वकिलाला हे वाक्य पाठ असतं. तक्रारीत येतं, जबाबात येतं, साक्षीत येतं. त्याच्यापुढे काय लिहिलेलं असणार हेही साधारण ठरलेलं: शिवीगाळ, धक्काबुक्की, बघून घेतो म्हणून दम. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणातही हेच वाक्य होतं. फरक इतकाच, की खुन्नस देणारा आणि घेणारा दोघंही नववीत शिकत होते.

शाळेच्या फुटबॉल संघाच्या निवडीवरून काहीतरी बिनसलं होतं. एकानं रात्री मोबाइलवर स्टेटस ठेवलं, 'टप्प्यात आलास की कार्यक्रम.' नाव कुणाचंच नव्हतं, पण ज्याला कळायचं त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना सायकल स्टँडजवळ बघाबघी झाली, मग ढकलाढकली. तिसऱ्या दिवशी एकाचा कॉलेजात जाणारा चुलतभाऊ दोन मित्रांना घेऊन गेटवर उभा राहिला आणि दुसऱ्याच्या भुवईवर चार टाके पडले. संध्याकाळी दोन्ही घरं पोलीस ठाण्यात. दोघांच्याही वडिलांनी एकमेकांविरुद्ध तक्रारी दिल्या. शाळेनं पालकांना बोलावलं, मुलांकडून माफीनामे लिहून घेतले, आठवडाभर वर्गाबाहेर ठेवलं. एका बापानं रागाच्या भरात पोराचा दाखला काढला. दोघंही वडील मार्केट यार्डात गुळाच्या एकाच अडत दुकानावर कामाला होते. तिथलंही बोलणं बंद झालं.

त्यातल्या एका वडिलांची मी वकील होते. माझं काम मी नीट केलं. पण त्या सगळ्या धावपळीत त्या दोन पोरांना समोरासमोर बसवून 'बाबांनो, नेमकं झालं काय?' असं कुणीही विचारलं नाही. पोलिसांनी नाही, शाळेनं नाही, घरच्यांनी नाही, मीही नाही. हे मला आजवर सलतं आहे, आणि हा लेख त्या सलातूनच लिहिते आहे.

माझं म्हणणं असं आहे: कोल्हापूरच्या वकिलांनी शाळांमध्ये जावं. भाषण द्यायला जाऊ नये. मुलांची भांडणं मुलांनीच मध्यस्थ होऊन सोडवावीत, अशी व्यवस्था शाळेत उभी करून द्यायला जावं, फी न घेता जावं, आणि ती उभी राहिली की बाजूला व्हावं.

विद्यार्थी मध्यस्थी म्हणजे काय, ते आधी सरळ सांगते. शाळेतली वीस-पंचवीस मुलं निवडायची आणि त्यांना ऐकायला शिकवायचं. दोन मुलांत भांडण झालं आणि दोघांचीही तयारी असली, तर ती एका शांत खोलीत दोन मध्यस्थ मुलांसमोर बसतात. नियम थोडे असतात. एकजण बोलताना दुसऱ्यानं तोडायचं नाही, शिवी नाही, हात उगारायचा नाही, खोटं बोलायचं नाही. मध्यस्थ दोघांचंही ऐकतो आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगतो: 'म्हणजे तुझं म्हणणं असं, की…' मग दोघांना विचारतो, आता काय झालं तर तुला चालेल? तोडगा त्या दोघांनीच काढायचा. मध्यस्थ निकाल देत नाही, चूक कुणाची ते ठरवत नाही, शिक्षा तर मुळीच सुचवत नाही. ठरलं ते कागदावर लिहितात, दोघं सही करतात, आठ-दहा दिवसांनी मध्यस्थ पुन्हा भेटून विचारतो, जमतंय का? बस, इतकंच. वाचायला सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं, यातली प्रत्येक पायरी आपल्या अंगच्या सवयींच्या उलट आहे.

अमेरिकेत हे काम जुनं आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७२ च्या सुमारास क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या शिक्षकांनी वर्गांत भांडण हाताळायला शिकवण्याचे प्रयोग सुरू केले. सॅन फ्रान्सिस्कोत १९७६ मध्ये वस्तीपातळीवर मध्यस्थी करणारी मंडळं निघाली आणि ८० च्या दशकात तीच पद्धत शाळांत गेली. त्याच १९७६ साली मिनेसोटातल्या सेंट पॉल इथं न्यायाधीश आणि वकील एकत्र बसून, प्रत्येक वाद कोर्टातच आला पाहिजे का, याचा विचार करत होते. पुढे अमेरिकेत काही ठिकाणी वकिलांनी शाळांना हात दिला तो या वातावरणात. मुलांना शिकवणाऱ्यांत पुढे दोन मतं पडली. काहींनी निवडक मुलांचा गट तयार केला. मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे बंधू मात्र म्हणत राहिले की वर्गातल्या प्रत्येक मुलाला हे शिकवा आणि मध्यस्थाची पाळी सगळ्यांवर येऊ द्या. मला दुसरं मत पटतं. पण सुरुवात गटापासून करावी लागते, कारण मनुष्यबळ तेवढंच असतं.

आता कुणी विचारेल, हे वकिलांचं काम कसं? भांडण लावून देणारे म्हणूनच लोक आम्हाला ओळखतात. आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र गेल्या वीसेक वर्षांत आपल्याच कोर्टात तयार झालं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ नव्या रूपात २००२ मध्ये लागू झालं, तेव्हापासून दावे मध्यस्थीकडे पाठवायची वाट खुली झाली. त्यासाठी वकिलांना चाळीस तासांचं प्रशिक्षण देतात. मीही ते घेतलं आहे. सख्ख्या भावांचा बांधावरचा वाद, वाटपाचा दावा, खावटी म्हणजे पोटगी, अशा प्रकरणांत मध्यस्थ म्हणून बसले आहे. त्या चाळीस तासांत कायदा फारसा शिकवत नाहीत. गप्प बसायला शिकवतात. समोरचा जे मागतोय आणि त्याला जे खरंच हवंय, त्यातला फरक ओळखायला शिकवतात. असं शिकलेले वकील जिल्ह्यात आहेत आणि शाळेच्या आवारात त्यांच्याइतकं या कामाचं शिक्षण झालेलं माणूस सहसा नसतं. बहुतेक शाळांत समुपदेशक नसतो. शिक्षक असतो, पण त्याच्या हातात छडी नसली तरी शेरा असतो, गुण असतात, पालकांना फोन करायचा अधिकार असतो. ज्याच्या हातात शिक्षा, त्याच्यापुढे पोर खरं बोलत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी घातली, ते योग्यच झालं. पण मारायचं नाही तर मग करायचं काय, हे शिक्षकाला कुणीच नीट शिकवलेलं नाही. ती जागा अजून रिकामीच आहे.

वकिलानं जावं याचं दुसरं कारण मला पहिल्यापेक्षा मोठं वाटतं. आपल्याकडे मध्यस्थी फारशी होत नाही, होते ती मिटवामिटवी. आणि या दोहोंतला फरक ज्याला रोजच्या कामात बघावा लागतो, तो वकील.

मिटवामिटवीची कला आपल्याला उत्तम येते. 'जाऊ दे', 'मोठ्या मनानं घे', 'हात मिळवा आणि विषय संपवा'. यात ज्याचा आवाज बारीक, त्यानं गप्प बसायचं असतं. तंटामुक्त गाव मोहिमेचा अनुभव आठवावा. १५ ऑगस्ट २००७ रोजी ती सुरू झाली, तेव्हा गृहमंत्री आर. आर. पाटील होते, आपल्या शेजारच्या तासगावचे. कल्पना मोलाची होती आणि कितीतरी गावांत तिनं खरंच बांधाचे, वाटेचे, पाण्याचे तंटे सोडवले. कोर्टात आयुष्य घालवणारी माणसं त्यामुळे वाचली, हे मी जवळून पाहिलं आहे. पण मिटलेल्या तंट्यांच्या आकड्यावर बक्षीस ठरलं की आकडा वाढवायची घाई होतेच. समितीचं अध्यक्षपद हे गावच्या राजकारणातलं पद होऊन बसलं आणि बाईचं, गरिबाचं, मागासवर्गीयाचं गाऱ्हाणं 'गावातच मिटवा' या दडपणाखाली यायला लागलं. शाळेत मध्यस्थी सुरू करताना हा धडा पहिल्या पानावर लिहून ठेवावा लागेल.

दोन वर्षांपूर्वी एक आई माझ्याकडे आली. जिल्ह्यातल्या एका शाळेत तिची मुलगी सातवीत. वाटेत दहावीतली दोन मुलं रोज काहीबाही बोलायची, एकदा ओढणी ओढली. मुलीनं वर्गशिक्षिकेला सांगितलं. शाळेनं मुलांना ऑफिसात बोलावलं, मुलीला बोलावलं आणि तिला त्या दोघांना राखी बांधायला लावली. टेबलावर राख्या तयार होत्या. सर म्हणाले, 'आता हे तुझे भाऊ.' मुलगी घरी आली ती शाळेचं नाव घेईना. सरांना वाटत होतं त्यांनी उत्तम मार्ग काढला. ते दुष्ट नव्हते, आणि मला त्याचंच जास्त भय वाटतं. असाच प्रकार एका उच्च न्यायालयाच्या आदेशात झाला होता. विनयभंगाच्या आरोपीनं पीडितेकडून राखी बांधून घ्यावी, अशी जामिनाची अट घातली गेली होती. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये ती अट रद्द केली आणि असल्या तडजोडी सुचवू नयेत, असं न्यायालयांना बजावलं. न्यायाधीशांना जे सांगावं लागतं, ते मुख्याध्यापकांना कोण सांगणार? माझ्या मते हेच वकिलाचं शाळेतलं पहिलं काम. काय मध्यस्थीला आणायचं यापेक्षा काय आणायचं नाही, ते आधी लिहून द्यायचं.

लैंगिक छळ तिथे येणार नाही. जातीवरून केलेला अपमान येणार नाही. शस्त्र, व्यसन, पैसे उकळणं येणार नाही. एकाच पोराला सगळ्यांनी मिळून महिनोन्महिने छळलं असेल तर तेही येणार नाही, कारण ते भांडण नसतंच, तो जुलूम असतो. जुलमात दोन बाजू मानून 'तूही थोडं सोड, तोही थोडं सोडेल' म्हणणं म्हणजे छळ सोसणाऱ्यावर दुसरा अन्याय. ज्या पोराला रोज मार बसतो, त्यानं नेमकं काय सोडायचं?

गुप्ततेचंही तसंच. मध्यस्थीतलं बोलणं बाहेर जाऊ नये, हा नियम मुलांना फार आवडतो आणि पाळायलाही जमतो. पण उद्या बोलता बोलता एखादं पोर घरात किंवा ट्यूशनला कुणीतरी आपल्याशी वाईट वागतं असं सांगून बसलं तर? पोक्सो, म्हणजे मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचं असतं. न कळवल्याबद्दलची शिक्षा मुलांना लागू नाही, मोठ्यांना आहे. म्हणून आम्ही मुलांना सुरुवातीलाच एक वाक्य पाठ करायला लावतो आणि प्रत्येक बैठकीच्या आरंभी ते मोठ्यानं म्हणायला लावतो: 'इथलं बोलणं आम्ही कुणाला सांगणार नाही, पण कुणाला इजा होत असेल किंवा होणार असेल, तर ते आम्ही मॅडमना सांगणार.' हे वाक्य बसवायला आम्हाला दोन शनिवार लागले. त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पोर बोलतच नाही, किंवा बोलून फसतं.

'आम्ही' म्हणजे मी आणि बारमधले, म्हणजे आमच्या वकील संघटनेतले, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेले एक सहकारी. गेलं वर्षभर आम्ही एका शाळेत जातो. त्या शाळेतली एक बैठक सांगते.

प्रयोगशाळेला लागून एक छोटी खोली आहे. नकाशांच्या गुंडाळ्या कोपऱ्यात उभ्या, एक टेबल, चार खुर्च्या. सहावीतली दोन मुलं आली. मध्यस्थ म्हणून नववीतली एक मुलगी आणि आठवीतला एक मुलगा. आम्ही दोघं भिंतीला लागून, न बोलण्याच्या अटीवर.

पहिला म्हणाला, "ह्यानं माझ्या सायकलीची हवा सोडली. तीन येळा."

दुसरा म्हणाला, "मी न्हाई सोडली."

माझ्या डोक्यात प्रश्नांची रांग लागली. कुणी पाहिलं? कुठल्या वेळी? तू त्या वेळी कुठे होतास? उलटतपासणी अंगात इतकी मुरलेली असते. त्या मुलीनं यातलं काहीच विचारलं नाही. ती दुसऱ्याकडे वळून म्हणाली, "बरं. तुझं काय म्हणणं हाय, त्ये सांग." तो गप्प. तीही गप्प. बाहेर मैदानावर पीटीची शिट्टी वाजत होती, एवढाच काय तो आवाज. ही शांतता किती वेळ चालली ते मी मोजलं नाही, पण माझ्यानं तेवढं धीरानं बसवलं नसतं हे नक्की. शेवटी तो टेबलाकडे बघत म्हणाला, "ह्यो मला आता डब्याला हाक मारत न्हाई."

मग हळूहळू उलगडलं. त्याची आई शिरोलीच्या एमआयडीसीत सकाळच्या पाळीला जायला लागली होती. डबा कधी असायचा, कधी नसायचा. तो या मित्राच्या डब्यातली भाकरी खायचा. एक दिवस तो सगळ्यांसमोर म्हणाला, 'तुझ्यात रोज पिठलंच असतंय.' चेष्टेतच म्हणाला. मित्राला लागलं. त्यानं हाक मारायचं सोडलं. त्यानंतर सायकलीची हवा जायला लागली.

कागदावर तीन ओळी आल्या. हवा सोडायची नाही. डब्याला हाक मारायची. पिठल्याला नावं ठेवायची नाहीत. खाली दोन सह्या, एक मराठीत, एक इंग्रजीत मोठ्या अक्षरांत. हवा कुणी सोडली हे त्या कागदात कुठेच नाही. माझ्या सहकाऱ्यानं बाहेर आल्यावर विचारलं, "ताई, कबुली कुठाय?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कबुली घेतली असती तर दुसरी ओळ आली नसती.

ती नववीतली मुलगी वर्गात हुशार गणली जाणारी नाही. आदल्या वर्षी दोनदा मारामारीसाठी तिला ऑफिसात उभं केलं होतं. आम्ही तिचं नाव घेतलं तेव्हा मुख्याध्यापक जरा चाचरले. त्यांच्या यादीत सगळे मॉनिटर आणि स्कॉलरशिपवाले होते. आम्ही हट्ट धरला, कारण मध्यस्थांचा गट म्हणजे शिक्षकांचे लाडके, असं एकदा मुलांच्या मनात बसलं की भांडणारं पोर तिथे फिरकणार नाही. गटात शेवटच्या बाकावरची मुलं हवीत, वाडीवरून एसटीनं येणारी हवीत, दलित आणि मुस्लिम वस्तीतली हवीत, मुली निम्म्या हव्यात. ज्यानं स्वतः राडा केलाय त्याला राग कुठून सुरू होतो ते ठाऊक असतं.

आणि या शहरात ते ठाऊक असणं गरजेचं आहे. पेठेपेठेची ईर्ष्या आपल्या रक्तात आहे. तालमी, मंडळं, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल, यातूनच कोल्हापूर घडलं, आणि त्या ईर्ष्येचं मला कौतुकही आहे. पण सहावी-सातवीतलं पोर कुठल्या तालमीचं यावरून वर्गात तट पडतात, आणि आता त्या तटांच्या हातात मोबाइल आहे. २०२३ च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून या शहरात बंद झाला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट तोडावं लागलं. शाळेत मध्यस्थी असती तर ते टळलं असतं, असा दावा मी करणार नाही. पण त्या आठवड्यानंतर वर्गात एकाच बाकावर बसणाऱ्या दोन वेगळ्या धर्मांच्या मुलांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. त्यांना बोलायला एक खोली आणि ऐकायला त्यांच्याच वयाचं कुणी हवं होतं.

वकील मित्रांचे आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला कायद्याचा. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात, अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांविरुद्धचे दावे मध्यस्थीला योग्य नाहीत असं पहिल्या अनुसूचीत म्हटलंय, मग हे कायदेशीर कसं? उत्तर असं, की शाळेतली ही गोष्ट त्या कायद्याखाली येतच नाही आणि आणूही नये. त्या तीन ओळींच्या कागदाची कुठे अंमलबजावणी करून घ्यायची नाहीये. तो मोडला तर दोघं पुन्हा बसतील. त्याच कायद्यात वस्तीतल्या शांततेला बाधा आणणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे. आज सहावीत बसून ऐकायला शिकलेली पोरं उद्या त्या कामाला मिळतील, एवढा संबंध मात्र मी जरूर जोडते.

दुसरा आक्षेप हेतूचा, आणि तो बाहेरचे लोक घेतात. वकील शाळेत कशाला येतील, पक्षकार शोधायला. यावर उपाय तोंडी भरवशाचा नको, लेखी हवा. बार कौन्सिलच्या नियम ३६ नं आम्हाला काम मागत फिरायला मनाई आहेच. त्यापुढे जाऊन ठरवावं, की ज्या शाळेत वकील हे काम करतो त्या शाळेचं, तिथल्या शिक्षकाचं किंवा पालकाचं कुठलंही प्रकरण तो घेणार नाही. आम्ही दोघांनी तसं लिहून दिलं आहे. फलक नाही, शाल-श्रीफळ नाही, वर्तमानपत्रात फोटो नाही. मुलांचे फोटो तर मुळीच नाहीत, कारण भांडणाच्या खोलीतला फोटो गावभर गेला की पुढच्या पोराचं तोंड बंद होतं.

शिक्षकांची अडचण मला सगळ्यांत खरी वाटते. मतदार यादी, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब, यात आणखी एक उपक्रम त्यांच्या डोक्यावर कशाला? म्हणून सुरुवातीची दोन वर्षं भार वकिलानं उचलावा. शाळेनं एक शिक्षक द्यावा, ज्याच्याकडे शिस्तीचं खातं नाही असा, आणि एक खोली. रजिस्टरमध्ये तारीख आणि वाद मिटला की नाही एवढंच. नावं नाहीत, तपशील नाही, वरिष्ठांना पाठवायचे तक्ते नाहीत. उपक्रमाचा आकडा मागायला लागलं की तंटामुक्तीचं झालं तेच होणार.

वेळ कुठून काढायचा, याचं उत्तर कॅलेंडरमध्येच आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते आणि शाळा सकाळची भरते. शासनानं पहिली ते आठवीसाठी दप्तराविना 'आनंददायी शनिवार' आणलाच आहे. तास दीड तास मिळतो. जूनपासून दिवाळीपर्यंत महिन्याला दोन शनिवार धरले तर गट तयार होतो, दिवाळीनंतर मुलं प्रत्यक्ष बसायला लागतात. सोबत विधी महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी न्यावा. त्याचं आणि मुलांचं वय जवळ असतं, मुलं त्याच्याशी लवकर मोकळी होतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची शिबिरं शाळांत होतात, ती व्हावीतच. पण चाळीस मिनिटांच्या भाषणात मुलांना कलमं कळतात, ऐकणं येत नाही. त्याला पुन्हा पुन्हा जावं लागतं.

आपल्या बारनं हे का करावं, यावर एकच गोष्ट सांगते. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचा तो विजय होता. त्यासाठी चार दशकं मोर्चे निघाले, उपोषणं झाली, कामकाजावर बहिष्कार पडले. त्या लढ्यात आमच्या मागे हे शहर उभं राहिलं: रिक्षावाले, व्यापारी, तालमी, शिक्षक संघटना. न्याय दाराशी यावा म्हणून लोक आमच्यासोबत आले. आता न्याय दाराशी आलाय, तर आम्ही त्यांच्या पोरांच्या शाळेपर्यंत चार पावलं जायला काय हरकत आहे? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, त्या याच संस्थानात. शाळा आणि सनद ही दोन्ही माणसाला उभं करायची साधनं आहेत, असं त्यांना दिसलं होतं.

मागणी मोठी नाही. बारनं येत्या जूनसाठी दहा शाळा घ्याव्यात, शहरातल्या पाच आणि तालुक्यांतल्या पाच. शाळेमागे दोन वकील, त्यात मध्यस्थीचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक. म्हणजे वीस माणसं. इतक्या मोठ्या बारमध्ये वीस माणसं मिळणार नाहीत, हे मी मानायला तयार नाही. दोन वर्षांनी शाळा स्वतः चालवेल. चालवली नाही तर का नाही, ते बसून बघू.

आमच्या शाळेत नव्या गटाचं शिक्षण जूनच्या चौथ्या शनिवारी सुरू होतंय. या खेपेला ते आम्ही देणार नाही. ती मुलगी आता दहावीत गेली, ती आणि तिच्या बरोबरचे दोघं शिकवणार आहेत. आम्ही मागे बसणार. ज्यांना बघायचं असेल त्यांच्यासाठी सांगते, मी सकाळी पावणेसातला बार रूमच्या दाराशी असते आणि सातच्या आत निघते.